फट किती ठेवायची? तंजावरच्या जुन्या गाड्यांचे मागचे ब्रेक

तंजावर हे सपाट गाव आहे. समुद्रसपाटीपासून उंची जेमतेम 60 मीटर, भोवती कावेरीचा त्रिभुज प्रदेश, आणि नजर जाईल तिथवर भातशेती. गाडी कुठंही उभी केली, तरी ती आपणहून घरंगळत जाण्याचा प्रश्न फारसा येत नाही. रेल्वेचा उड्डाणपूल किंवा ग्रँड अनिकट कालव्यावरच्या पुलाचा चढ सोडला, तर हँडब्रेकची खरी परीक्षा इथं वर्षवर्ष होत नाही. म्हणूनच इथल्या जुन्या गाड्यांच्या मागच्या ब्रेकमधला दोष फार काळ लपून राहतो. पेडल जरा खाली जायला लागतं, चालवणाऱ्याचा पाय त्याला सरावतो, आणि सगळं ठीक आहे असं वाटत राहतं.

राजवाड्याभोवतीच्या चार मुख्य रस्त्यांच्या आतबाहेर अजूनही जुन्या वळणाची घरं आहेत. त्यांतली काही मराठी कुटुंबांची. व्यंकोजीराजांनी 1676 च्या सुमारास इथं भोसल्यांची गादी स्थापली, 1855 मध्ये ती इंग्रजांनी खालसा केली, पण माणसं इथंच राहिली. अशा गावात वाडवडिलांची गाडी विकून टाकणं सगळ्यांना जमत नाही. कुणाकडे अ‍ॅम्बॅसडर असते, कुणाकडे प्रीमियर पद्मिनी, क्वचित स्टँडर्ड हेराल्ड, आणि पहिल्या पिढीतल्या मारुती 800 तर आता जुन्या गाड्यांतच मोडतात. या सगळ्या गाड्यांत एक गोष्ट समान आहे: मागच्या चाकांना ड्रम ब्रेक. तो हातानं सेट करण्याचं ज्ञान गॅरेजांतून हळूहळू चाललंय, आणि ते जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

थांबवण्याच्या तंत्राचा विचार करायला या प्रदेशासारखी दुसरी जागा नाही. इथले देवळांचे रथ पाहा. बृहदीश्वराचा रथोत्सव जवळजवळ शंभर वर्षं बंद पडला होता. 2015 मध्ये नवा रथ बांधून तो पुन्हा सुरू झाला, आणि रथ याच चार मुख्य रस्त्यांवरून फिरतो. हजारो हातांनी ओढलेला रथ थांबवायचा कसा, हा प्रश्न फार जुना आहे. त्याचं पारंपरिक उत्तर म्हणजे लाकडी ओंडक्याची पाचर. चाकाच्या बरोबर पुढं ती सरकवायची, चाक तिच्यावर चढू पाहतं आणि अडतं. हे काम करणारी माणसं चाकाला खेटून चालतात. एक क्षण चुकला तर जीवाशी गाठ. तंजावरहून पूर्वेला असलेल्या तिरुवारूरचा रथ तर सुमारे 96 फूट उंच आणि वजनाला 300 टनांच्या घरात. त्याला तिरुचिरापल्लीच्या भेल कारखान्यानं लोखंडी चाकं, आस आणि हायड्रॉलिक ब्रेक बसवून दिले. म्हणजे आपल्या मोटारीत ब्रेक ऑइलचा जो दाब काम करतो, तोच दाब तिथं देवाच्या रथाला आवर घालतो.

मोटारींपुरतं बोलायचं तर ड्रम ब्रेकचं श्रेय साधारणपणे फ्रान्सच्या लुई रेनो यांना दिलं जातं; साल 1902. त्याआधी डाइमलर आणि मायबाख यांनी जवळच्या कल्पना वापरून पाहिल्या होत्या. सुरुवातीला सगळा कारभार तारा आणि सळ्यांचा होता. चारही चाकांना सारखा ओढा देणं त्यांना जमत नसे, कारण एक सळई जरा सैल पडली की गाडी एका बाजूला ओढायची. माल्कम लॉकहीड यांनी 1910 च्या दशकाच्या अखेरीस द्रवाच्या दाबावर चालणारा ब्रेक आणला आणि ही अडचण मुळातूनच सुटली. बंद नळीतला दाब सगळीकडे सारखा असतो, हा पास्कलचा नियम इथं उपयोगी पडला. हँडब्रेक मात्र तारेवरच राहिला. कायद्याला आणि सुरक्षिततेलाही तेच हवं असतं, की ऑइल गळून गेलं तरी गाडी थांबवण्याचा एक वेगळा मार्ग शिल्लक असावा. म्हणून बहुतेक जुन्या गाड्यांच्या मागच्या ड्रममध्ये दोन स्वतंत्र यंत्रणा एकाच शूंच्या जोडीवर काम करतात. पेडलमागे ऑइल असतं आणि हँडब्रेकमागे केबल. सगळा घोटाळा होतो तो या दोन यंत्रणांच्या एकत्र राहण्यातून.

मागच्या ड्रममध्ये काय असतं ते आधी डोळ्यांपुढं आणू. चाकाबरोबर फिरणारा बिडाचा ड्रम. त्याच्या आत, न फिरणाऱ्या बॅक प्लेटवर बसवलेले अर्धचंद्राकृती दोन शू, त्यांच्या पाठीवर चिकटवलेले किंवा रिव्हेट केलेले लायनर. वर किंवा खाली व्हील सिलिंडर. पेडल दाबलं की सिलिंडरमधला पिस्टन शूंना बाहेर ढकलतो आणि लायनर ड्रमच्या आतल्या भिंतीला घासतात. पाय काढला की स्प्रिंगा शूंना आत ओढून घेतात.

यातला एक शू दुसऱ्यापेक्षा जास्त काम करतो. गाडी पुढं जाताना ज्या शूचं मोकळं टोक ड्रमच्या फिरण्याच्या दिशेनं बाहेर ढकललं जातं, त्याला ड्रम स्वतःच आपल्याकडे ओढून आणखी घट्ट दाबतो. याला पुढचा शू किंवा लीडिंग शू म्हणतात. दुसऱ्याला ड्रम मागं लोटतो, म्हणून तो कमी धरतो. गाडी रिव्हर्समध्ये गेली की दोघांच्या भूमिका बदलतात. लीडिंग शूचा लायनर लवकर झिजतो तो याच कारणानं. ड्रम उघडल्यावर दोन्ही लायनर सारखे झिजलेले नसले, तर दर वेळी ते बिघाडाचं लक्षण असतंच असं नाही.

मागच्या ब्रेकवर पुढच्याइतका भार नसतो. ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढं कलतं, मागची चाकं हलकी होतात, म्हणून कारखान्यातच मागच्या ब्रेकची ताकद कमी ठेवलेली असते. मागची चाकं पुढच्यांच्या आधी लॉक झाली तर गाडीचं शेपूट बाजूला फिरतं. इतक्या मोजून ठेवलेल्या गोष्टीत दोन बाजूंचं सेटिंग वेगवेगळं असलं, तर ओल्या रस्त्यावर काय होईल ते सांगायला नको.

आता मूळ मुद्दा. लायनर आणि ड्रम यांच्यामध्ये एक बारीक फट असते. ती नसली तर ब्रेक सतत घासत राहतील, ड्रम तापेल, पेट्रोल जास्त जळेल. ती जास्त झाली, तर पेडलचा बराचसा प्रवास नुसती फट भरण्यातच संपतो. लायनर झिजत जातात तशी फट वाढत जाते, आणि जुन्या गाड्यांत ती आपोआप कमी होत नाही. कुणीतरी हातानं कमी करावी लागते. ब्रेक सेटिंग म्हणतात ते एवढंच.

ही फट पेडलवर किती परिणाम करते याचा एक साधा हिशेब मांडून पाहू. समजा, मास्टर सिलिंडर आणि चाकांमधले सिलिंडर एकाच मापाचे आहेत, आणि मागच्या प्रत्येक चाकात दोन पिस्टन आहेत. झिजेमुळं प्रत्येक पिस्टनला नेहमीपेक्षा अर्धा मिलिमीटर जास्त सरकावं लागतंय. मागच्या दोन चाकांत मिळून पिस्टन चार, म्हणजे मास्टर सिलिंडरच्या पिस्टनला 2 मिलिमीटर जास्त सरकावं लागतं. पेडलची तरफ साधारण पाचपट असते, म्हणून पायाखाली हेच अंतर 10 मिलिमीटर होतं. पुढंही ड्रमच असतील आणि तिथंही हीच अवस्था असेल, तर 20 मिलिमीटर. एकूण प्रवासात दोन सेंटिमीटर ही मोठी रक्कम आहे. आणि या सगळ्या काळात गाडी धावतच असते: ताशी 60 किलोमीटर वेगानं जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे 17 मीटर पुढं जाते.

पेडल पहिल्या दाबात खोल जातं, पण भराभर दोनतीनदा दाबलं की वर येतं आणि कडक होतं, हे वाढलेल्या फटीचं ठळक लक्षण आहे. पहिल्या दाबानं बाहेर आलेले शू पूर्ण आत परतण्याआधीच दुसरा दाब येतो, म्हणून पेडल वर मिळतं. दाबून ठेवलेलं पेडल स्पंजासारखं मऊ लागलं तर ती गोष्ट वेगळी, तिथं नळीत हवा शिरलेली असते. आणि दाबून ठेवलेलं पेडल हळूहळू खाली बुडत गेलं तर गळती आहे, किंवा मास्टर सिलिंडरचे रबर गेले आहेत. या दोन्हींवर सेटिंग हा उपाय होत नाही, तिथं गाडी चालवायचीच नाही.

इथपर्यंत सगळं सरळ आहे. वाकडी वाट सुरू होते ती हँडब्रेकपाशी. लायनर झिजले की पेडलबरोबर हँडब्रेकचा दांडाही जास्त वर यायला लागतो. तक्रार घेऊन माणूस गॅरेजात जातो. तिथं गाडीखाली सरकून केबलचा नट दोनचार फेरे आवळला जातो. दांडा पुन्हा तीनचार खटक्यांत धरतो, गिऱ्हाईक खूश, काम पाच मिनिटांत संपतं. ही पद्धत तंजावरपुरती नाही. पुण्यात आणि कोल्हापुरातही हेच चालतं. पण तंजावरसारख्या सपाट गावात ती सगळ्यात जास्त दिवस खपून जाते.

यात चूक काय? केबल आवळल्यामुळं हँडब्रेकचा आतला खटका शूंना त्यांच्या बसण्याच्या जागेपासून आधीच थोडं बाहेर ढकलून ठेवतो. शू वरून बाहेर, खालून आत, असे तिरके उभे राहतात. लायनरचा एकच कोपरा ड्रमला लागतो, बाकीचा भाग कोराच राहतो. ज्या गाड्यांत फट आपोआप कमी करणारी व्यवस्था असते, तिथं आणखी नुकसान होतं. त्या व्यवस्थेचा खटका पुढच्या दात्यावर जायला शूंना एका ठरावीक अंतरापर्यंत मागं यावं लागतं. घट्ट केबल त्यांना मागं येऊच देत नाही. परिणामी अ‍ॅडजस्टर झोपतो, लायनर झिजत राहतो, आणि पुढच्या खेपेला केबल आणखी आवळली जाते. असं करत करत एक दिवस केबलचे आटेच संपतात.

म्हणून क्रम उलटा लावायचा. आधी हँडब्रेक पूर्ण सोडायचा आणि केबल सैल करायची, मग शू सेट करायचे, आणि अगदी शेवटी केबल. सगळ्या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर हा क्रम ठेवा. शू नीट सेट झाले, तर बहुतेक वेळा केबलला हात लावावाच लागत नाही.

अ‍ॅडजस्टरची रचना मात्र गाडीगणिक बदलते, आणि इथं मद्रासचा थोडा इतिहास आड येतो. स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी मद्रासजवळच्या वंडलूर परिसरात 1961 पासून हेराल्ड गाडी बनवत असे, ब्रिटनच्या ट्रायम्फ हेराल्डचा हा भारतीय अवतार. दक्षिणेत ही गाडी जास्त दिसायची ती याच कारणानं. 1962 मध्ये टीव्हीएस घराणं आणि ब्रिटनची लुकास कंपनी यांनी मद्रासच्या पाडी भागात ब्रेक्स इंडिया हा कारखाना काढला. लुकासच्या छत्राखालची गर्लिंग कंपनी ब्रेकसाठी जगभर नावाजलेली होती. या गर्लिंग नावामागचे अल्बर्ट गर्लिंग यांनी 1920 च्या दशकात पाचरीनं शू फाकवणाऱ्या ब्रेकचं पेटंट घेतलं होतं. रथाच्या चाकापुढं सरकवतात तीच पाचर इथं ड्रमच्या पोटात जाऊन बसली, फक्त ती आता अडवण्याऐवजी ढकलायचं काम करते.

हेराल्डच्या मागच्या बॅक प्लेटवर एक चौकोनी डोक्याचा बोल्ट बाहेर आलेला दिसतो. तोच अ‍ॅडजस्टर. आत त्याच्या शंकूसारख्या टोकाला पैलू पाडलेले असतात आणि दोन छोट्या खुंट्या त्या पैलूंवर टेकून शूंना धरून असतात. बोल्ट घड्याळाच्या दिशेनं फिरवला की शंकू आत सरकतो, खुंट्या फाकतात आणि शू बाहेर येतात. प्रत्येक पैलूवर बोटांना खटका जाणवतो. याला चौकोनी तोंडाचाच पाना लावायचा. पकडीनं धरून डोकं गोल केलेले कितीतरी बोल्ट या गाड्यांवर सापडतात, आणि एकदा ते गोल झालं की साधं काम अवघड होऊन बसतं.

मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलेली पद्मिनी मुळात फियाट 1100 आहे. तिथं बॅक प्लेटवर षट्कोनी डोक्याचे बोल्ट असतात, प्रत्येक शूला एक. आत केंद्रापासून सरकवलेली चकती असते. बोल्ट फिरवला की चकतीची फुगीर बाजू शूला बाहेर लोटते. इथं प्रत्येक शू वेगळा सेट करावा लागतो, आणि कुठल्या बाजूला फिरवल्यावर घट्ट होतं ते चाक हातानं फिरवत पाहायचं. तिसरा प्रकार दातेरी चाकाचा. त्याला बॅक प्लेटवरच्या किंवा ड्रमवरच्या छोट्या खिडकीतून स्क्रू ड्रायव्हर घालून एकेक दाता फिरवतात. त्या खिडकीवरचं रबरी बूच हरवलेलं असेल तर आधी नवं आणा, कारण तिथूनच पावसाचं पाणी आणि चिखल आत जातो.

प्रत्यक्ष काम करताना पहिली काळजी जॅकची. हँडब्रेक सोडलेला असणार, म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावायचे. डेल्टाची माती मऊ, पाऊस पडून गेला असेल तर जॅक तिरका होतो. जॅकखाली जाड फळी हवी, आणि गाडी उचलल्यावर ती पक्क्या स्टँडवर टेकवायची. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कुणीही जाऊ नये, एक मिनिटासाठीही नाही.

दुसरी काळजी धुळीची. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. त्याचे तंतू फुप्फुसात गेले तर वर्षानुवर्षांनी जीवघेणे आजार होतात, कर्करोगसुद्धा. ड्रम उघडल्यावर हवेच्या पंपानं फुर्रकन धूळ उडवण्याची गॅरेजातली सवय म्हणूनच फार वाईट आहे. ओल्या फडक्यानं किंवा ब्रेक क्लीनर मारून ती धूळ ओली करायची, पुसायची आणि फडकं पिशवीत बांधून टाकून द्यायचं. आसपास लहान मुलं असतील तर त्यांना लांब पाठवा.

दोन्ही मागची चाकं उचलली, गिअर न्यूट्रल, केबल सैल. आता एका हातानं चाक फिरवत दुसऱ्या हातानं अ‍ॅडजस्टर घट्ट करत जायचा. चाक पूर्ण अडलं की थांबायचं. मग कुणालातरी पेडल दोनतीनदा जोरात दाबायला सांगायचं, म्हणजे शू ड्रमच्या मधोमध बसतात. त्यानंतर अ‍ॅडजस्टर बहुतेक वेळा आणखी एक खटका जातो, आणि घाईत हीच पायरी गाळली जाते. पुन्हा चाक अडलं की अ‍ॅडजस्टर एकेक खटका मागं आणायचा, चाक मोकळं फिरेपर्यंत. बहुधा एक किंवा दोन खटके पुरतात. कुठंतरी अगदी हलकी घासल्याची कुजबुज ऐकू आली तर चालते, पण हातानं फिरवताना अडथळा जाणवता कामा नये.

इथं एक फसगत होते. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत डिफरन्शियल आणि प्रॉपेलर शाफ्टही चाकाबरोबर फिरतात. त्यांचं जड, सारखं ओझं आणि शूचं घासणं यांत फरक ओळखायला शिकलं पाहिजे. ओझं एका फेऱ्यात सगळीकडे सारखं लागतं, घासणं बहुधा फेऱ्यातल्या एका ठिकाणी जास्त येतं. प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी ठळक घासत असेल तर ड्रम लंबगोल झालाय. तो लेथवर खराद करून घेता येतो, पण अमर्याद नाही. पुष्कळ ड्रमवर कमाल व्यासाचा आकडा ओतलेलाच असतो. त्यापलीकडे गेलेला ड्रम भंगारात द्यावा.

अ‍ॅडजस्टर फिरतच नसेल तर जोर करू नका. तंजावरच्या हवेत हे वारंवार होतं. ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस, कालव्यांची ओल, रस्त्यावर साचलेलं पाणी, त्यात कित्येक दिवस अंगणात उभी राहिलेली गाडी. 2018 च्या नोव्हेंबरात गज चक्रीवादळ या जिल्ह्यावरून गेलं, तेव्हा तर गाड्या दिवसेंदिवस पाण्यात आणि पाल्यापाचोळ्यात होत्या. सुगीच्या काळात शेतकरी भात वाळवायला रस्त्यावर पसरतात, त्याचा भुसा चाकांत जातो आणि ओल धरून ठेवतो. हेराल्डच्या मागच्या व्हील सिलिंडरची एक खासियत आहे: तो बॅक प्लेटच्या खाचेत पुढंमागं सरकतो. एकाच पिस्टननं दोन्ही शूंना सारखं ढकलायची ही युक्ती. पण खाच गंजली की सिलिंडर अडकतो आणि एकच शू काम करतो. पेडल ठीक लागतं, ब्रेक मात्र अर्धाच धरतो. मग नुसतं अ‍ॅडजस्टर फिरवून उपयोग नाही. ड्रम काढून खाच साफ करायची आणि ब्रेकसाठीचं ग्रीस बोटानं अगदी पातळ लावायचं. साधं ग्रीस तापलं की वितळून लायनरवर येतं, म्हणून ते वापरू नये.

ड्रम काढलाच आहे तर आतली ओलही पाहा. व्हील सिलिंडरच्या रबरी टोपीखाली ओलसरपणा असेल तर सिलिंडर गळतोय. लायनरवर काळं, जाड तेल असेल तर ते अ‍ॅक्सलच्या ऑइल सीलमधून आलंय. तेल शोषलेला लायनर पेट्रोलनं धुऊन परत बसवण्याची पद्धत मला अजिबात पटत नाही. वरून कोरडा दिसतो, तापला की आतलं तेल बाहेर येतं. तो बदलायचा, आणि बदलताना दोन्ही चाकांचे बदलायचे.

ब्रेक ऑइलचंही असंच. डीओटी 3 जातीचं ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. कोरडं असताना ते 205 अंश सेल्सिअसला उकळतं. ठरावीक ओल शोषल्यावर हाच बिंदू 140 अंशांपर्यंत आलेला चालतो, असं त्याचं प्रमाण सांगतं. डेल्टाच्या दमट हवेत दर दोन वर्षांनी ते बदलणं ही उधळपट्टी नाही. त्यात चुकूनही इंजिन ऑइल पडू देऊ नका, सगळी रबरं फुगतात.

हे सगळं सपाट गावात इतक्या तपशिलानं का करायचं? कारण तंजावरची गाडी कायम तंजावरात राहत नाही. सुट्टी लागली की ती कोडैकानलला जाते, नाहीतर नामक्कलजवळच्या कोल्ली मलैवर, जिथं चढाच्या रस्त्याला 70 केसपिनी वळणं आहेत. माणसं आणि सामान धरून 1200 किलोची गाडी 1000 मीटर उतरून खाली येते, तेव्हा सुमारे 1 कोटी 18 लाख ज्यूल ऊर्जा उष्णता होऊन जाते. घरच्या मीटरवर मोजली तर 3 युनिटहून थोडी जास्त. खालच्या गिअरमध्ये उतरलं तर त्यातली बरीचशी इंजिन घेतं. उरलेली ब्रेकवर पडते. ड्रम तापला की फुगतो. 180 मिलिमीटर व्यासाचा बिडाचा ड्रम 200 अंशांनी तापला तर त्याचा व्यास सुमारे 0.4 मिलिमीटरनं वाढतो, म्हणजे प्रत्येक शूपासून तो 0.2 मिलिमीटर लांब जातो. डिस्क ब्रेकमध्ये उष्णतेनं डिस्क पॅडकडे फुगते. ड्रममध्ये धातू शूपासून दूर पळतो. सेटिंग आधीच सैल असेल तर ही वाढ त्यात मिळते, वर लायनरची पकडही उष्णतेनं कमी झालेली असते. सपाटीवर ज्या पेडलनं वर्षभर काम भागवलं, ते नेमकं अशा उतारावर तळाला जातं.

सेटिंग झाल्यावर केबलकडे या. हँडब्रेक गाडीच्या पुस्तकात दिलेल्या खटक्यांत धरला पाहिजे आणि सोडल्यावर दोन्ही चाकं पूर्ण मोकळी फिरली पाहिजेत. दुसरी अट पहिलीपेक्षा महत्त्वाची. मग चाकं बसवून, नट आवळून, मोकळ्या रस्त्यावर सावकाश वेगात ब्रेक लावून पाहा. गाडी एका बाजूला ओढत नाही ना. काही किलोमीटर चालवून थांबल्यावर दोन्ही मागच्या ड्रमजवळ हात नेऊन ऊब ताडून पाहा, ड्रमला हात न लावता. एक बाजू ठळकपणे जास्त गरम असेल तर तिथं ब्रेक घासतोय, एक खटका मागं घ्या. लायनर नवे असतील तर ते ड्रमच्या गोलाईशी जुळायला थोडा वेळ घेतात, म्हणून काहीशे किलोमीटरनंतर हेच सगळं पुन्हा एकदा करावं लागतं.

गॅरेजात काम देत असाल तर मेस्त्रींना केबल आवळायला सांगू नका, ड्रम उघडायला सांगा, आणि उघडलेला असताना शेजारी उभे राहून बघा. लायनर किती उरलाय, सिलिंडर कोरडा आहे का, अ‍ॅडजस्टर बोटांनी फिरतो का, एवढं पाहायला यंत्रशास्त्राची पदवी लागत नाही. आणि डोंगरावर जायचं असेल तर हे काम घाटाच्या पायथ्याशी पोचल्यावर आठवण्याऐवजी तंजावर सोडायच्या आठवडाभर आधी करा, म्हणजे सेटिंगनंतर गाडी थोडी चालवून पुन्हा तपासायला वेळ मिळेल.